आधी टेबल, मग बाजार

टेबलटॉप खेळांच्या संमेलनांविषयी एक मत अलीकडे इतक्या ठामपणे मांडले जाते की ते तपासून पाहायची गरजच कुणाला वाटत नाही. ते मत असे : ही संमेलने म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचा बाजार आहे. तिथे जाणारा हौशी खेळाडू पदरमोड करून जाहिराती बघायला जातो, रांगेत ताटकळतो, गरज नसलेले खोके विकत घेतो आणि थकून घरी परततो. खेळायचेच असेल तर घरचे टेबल आहे, मित्रमंडळी आहेत आणि तेही जमत नसेल तर पडद्यावर सगळे खेळ हजर आहेत. मग एवढा प्रवास आणि हॉटेलचा खर्च कशासाठी? हा आक्षेप सरसकट फेटाळून लावता येणार नाही. खर्चाविषयी आणि गर्दीविषयी त्यात जे म्हटले आहे ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्याचा पाया कच्चा आहे. संमेलनाचा गाभा विक्रीचा स्टॉल आहे आणि खेळाची टेबले ही त्या स्टॉलभोवतीची सजावट आहे, असे तो गृहीत धरतो. या छंदाचा इतिहास, त्यातले खेळ कसे घडले याची हकीकत आणि संमेलनात दिवसभर प्रत्यक्ष काय चालते, हे तिन्ही पाहिले तर उलटे चित्र दिसते. अनोळखी माणसांबरोबर मांडलेला डाव आधी आला, तो आजही केंद्रस्थानी आहे आणि बाजार त्याच्या आधाराने वाढला. म्हणूनच संमेलनाला जाणाऱ्या हौशी खेळाडूला केवळ गिऱ्हाईक समजणे चूक आहे. हा छंद ज्यांनी घडवला आणि जे आजही घडवत आहेत, त्यांच्यात त्याची गणना व्हायला हवी.

सुरुवात इतिहासापासून करू. अमेरिकेतले जेन कॉन हे या प्रकारचे सर्वांत नावाजलेले संमेलन. आज ते इंडियानापोलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आणि शेजारच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये भरते, त्यामुळे ते जन्मापासूनच असे अवाढव्य असावे असा समज होतो. प्रत्यक्षात १९६८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात ते पहिल्यांदा भरले. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेतला, प्रवेशाला एक डॉलर ठेवला आणि शंभराच्या आसपास माणसे जमली. ही माणसे युद्धखेळांची, म्हणजे नकाशावर किंवा टेबलावर छोटी सैन्ये हलवून लढाया खेळण्याची शौकीन होती. त्या काळी अशा शौकिनांपुढची मोठी अडचण वस्तूंची टंचाई ही नव्हती, कारण ॲव्हलॉन हिलसारखी कंपनी असे खेळ पेट्यांत घालून विकत होतीच. अडचण होती समोर बसणाऱ्या माणसाची. 'द जनरल' या त्या कंपनीच्या नियतकालिकात प्रतिस्पर्धी हवा असल्याच्या छोट्या जाहिराती छापल्या जात आणि कित्येक जण टपालाने एकेक चाल पाठवून डाव खेळत. खेळ घरी होता, खेळणारा दुसऱ्या गावी होता. ही दरी बुजवण्यासाठी हॉल भाड्याने घेतला गेला. संमेलनाची गरज कुठून निर्माण झाली याचे उत्तर या एका गोष्टीत मिळते, आणि त्या उत्तरात दुकानदार कुठेच नाही.

त्या हॉलमधून काय निघाले तेही पाहण्यासारखे आहे. १९६९च्या संमेलनात मिनेसोटातल्या जुळ्या शहरांतून आलेले डेव्ह आर्नेसन आणि गायगॅक्स यांची भेट झाली. दोघांनाही शिडाच्या जहाजांच्या लढाया खेळण्यात रस होता. माइक कार यांच्या साथीने त्यांनी त्यावरचा एक नियमसंच तयार केला आणि तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या ओळखीचे मोठे फळ वेगळेच होते. आर्नेसन यांच्या गटात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्याचा सेनापती होण्याऐवजी एका गावातला एकेक माणूस होत असे. आर्नेसन यांनी त्यातून 'ब्लॅकमूर' हे कल्पित जग उभे केले. इकडे गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्ये छापले गेले होते आणि आर्नेसन ते वापरून पाहत होते. १९७२च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी 'ब्लॅकमूर'चा डाव गायगॅक्स यांच्यासमोर चालवून दाखवला. त्यातून १९७४च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळाच्या पहिल्या हजार पेट्या बाहेर पडल्या. ज्या भूमिकाखेळांवर पुढे एक अख्खा उद्योग उभा राहिला, त्यांचे मूळ दोन गावांतल्या दोन हौशी गटांच्या ओळखीत आहे, आणि ती ओळख संमेलनातली आहे. पत्रव्यवहारानेही ते दोघे भेटले असते, असे कुणी म्हणेल. कदाचित भेटलेही असते. पण पत्रातून नियम पोहोचतात, डाव चालवण्याची रीत पोहोचत नाही. 'ब्लॅकमूर' म्हणजे काय, हे समजायला गायगॅक्स यांनाही अखेर आर्नेसन यांच्या टेबलावर खेळाडू म्हणून बसावे लागले.

संमेलनाने माणसे जोडली एवढेच म्हणून थांबता येत नाही. त्याने खेळांचे रूपही घडवले. १९७५ साली बाल्टिमोरला 'ओरिजिन्स' हे दुसरे मोठे संमेलन सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षी गायगॅक्स यांनी स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' हे भुयार रचले. स्पर्धा म्हटली की एकच साहस अनेक टेबलांवर, वेगवेगळ्या पंचांच्या हाताखाली, वेगवेगळ्या खेळाडूंनी खेळायचे आणि मग कोण किती पुढे गेले याची तुलना करायची. घरच्या गटात डाव चालवणारा गेम मास्टर आपल्या डोक्यातून ऐनवेळी खोल्या, सापळे, राक्षस काढू शकतो. पण वीस टेबलांवर तेच भुयार हवे असेल तर ते कागदावर उतरवावेच लागते : कुठल्या दारामागे काय आहे, सापळा कशाने उघडतो, खेळाडूने अमुक विचारले तर काय सांगायचे. या गरजेने लिहिलेल्या साहसांना एक नेटका आराखडा मिळाला. १९७८च्या ओरिजिन्समध्ये खेळवलेली राक्षसांविरुद्धची तीन साहसे त्याच वर्षी पुस्तिका होऊन आली आणि 'टूम ऑफ हॉरर्स'ही त्याच वर्षी छापले गेले. आज जगभर असंख्य घरांत, पुण्या-मुंबईतल्या कॅफेंतही, ज्या तयार साहसांच्या पुस्तकांवर डाव चालतात, त्या लेखनप्रकाराला वळण मिळाले ते संमेलनातल्या स्पर्धांमध्ये. घरी खेळणाऱ्याला संमेलन नकोसे वाटत असेल, पण त्याच्या हातातल्या पुस्तकाची मांडणी तिथूनच आलेली आहे.

दुसरा दाखला अधिक थेट आहे आणि तो बाजारवाल्या आक्षेपाच्या मुळावरच येतो. गणिताचे विद्यार्थी असलेले रिचर्ड गारफिल्ड नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'रोबोरॅली' नावाचा बोर्ड गेम घेऊन पीटर ॲडकिसन यांच्या नवख्या कंपनीकडे गेले. पट, सोंगट्या, छपाई हे सगळे त्या कंपनीला झेपणारे नव्हते. ॲडकिसन यांनी वेगळी मागणी केली : बनवायला स्वस्त, खिशात मावणारा आणि संमेलनात दोन डावांच्या मधल्या मोकळ्या वेळात चटकन खेळता येईल असा खेळ हवा. गारफिल्ड यांनी दिलेले उत्तर म्हणजे १९९३ साली आलेले 'मॅजिक : द गॅदरिंग'. प्रत्येकाने आपल्या पत्त्यांचा गठ्ठा आपण बांधावा, अनोळखी माणसासमोर बसावे आणि समोरून कुठले पान पडेल याची कल्पना नसताना खेळावे, ही त्याची रचना रांगेत आणि मार्गिकेत उभ्या असलेल्या संमेलनकरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. पुढे त्यातून प्रचंड धंदा झाला, हे खरे. पण धंद्याने ज्या सवयीवर पैसा कमावला, ती सवय आधीपासून होती : खेळणारी माणसे एका छताखाली जमत होती आणि थोडा वेळ मिळाला की कुणाशीही डाव मांडत होती. बाजाराने टेबल निर्माण केले असे म्हणणाऱ्याला 'मॅजिक'च्या जन्माची संगती लावता येणार नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता सगळे कंपन्यांच्या हातात गेले आहे, असे यावर म्हटले जाते. म्हणून आजच्या संमेलनाकडे पाहू. जेन कॉनच्या कार्यक्रमपत्रिकेत आता वीस हजारांहून अधिक खेळसत्रे असतात. त्यातली एक नोंद वाचली तरी तिथे काय विकले जाते आणि काय दिले जाते याचा उलगडा होतो. नोंदीत खेळाचे नाव असते, नियमांची कुठली आवृत्ती वापरणार ते असते, खुर्च्या किती, वेळ किती, नवख्याला चालेल का, नियम तिथे शिकवले जाणार का, सामान कोण आणणार, हे सगळे असते. भूमिकाखेळाचे सत्र साधारण चार तासांचे. टेबलाच्या एका टोकाला गेम मास्टर, समोर पाच-सहा अनोळखी माणसे, मध्ये आधीच तयार करून आणलेल्या पात्रांचे कागद, पेन्सिली आणि फासे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ओळखी, पात्रांची निवड आणि नियमांची तोंडओळख उरकायची. उरलेल्या वेळात गोष्ट सुरू करून, वाढवून, शेवटाला न्यायची, कारण वेळ संपली की पुढचा गट त्याच टेबलाशी उभा असतो. हे टेबल चालवणारी व्यक्ती काही वेळा प्रकाशकाने पाठवलेली असते, पण पुष्कळदा ती स्वतःच्या हौसेने, महिनोन्‌महिने तयारी करून आलेली साधी खेळाडूच असते. ती काही विकत नाही. चार तास सहा जणांना गुंतवून ठेवणे, गप्प बसलेल्याला बोलते करणे, सगळा डाव आपल्याकडे ओढणाऱ्याला आवरणे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणे, एवढे तिचे काम असते आणि ते अतिशय अवघड काम आहे.

घरच्या टेबलावर हे शिकता येत नाही का? काही प्रमाणात येते. पण घरच्या गटाची एक मर्यादा असते आणि गट जितका जुना, तितकी ती पक्की होते. तिथे सगळे एकमेकांच्या चाली ओळखतात. चुकीने लावलेला एखादा नियम वर्षानुवर्षे तसाच चालत राहतो, कारण तो चुकीचा आहे हे सांगणारे कुणी येत नाही. एकाला न आवडणारा खेळप्रकार सगळ्यांसाठीच बंद होतो. महाराष्ट्राला ही गोष्ट हौशी रंगभूमीवरून समजायला हवी. नाटकाची तालीम आपल्या गावात, आपल्या माणसांतच होते. पण एकांकिका स्पर्धेत किंवा राज्य नाट्य स्पर्धेत परक्या प्रेक्षकांसमोर पडदा वर गेला की कुठला विनोद फक्त घरच्यांना कळणारा होता आणि कुठला प्रवेश खरोखर उभा राहिला, हे कळते. हौशी मंडळींनी नातेवाइकांसमोरच प्रयोग करावेत, स्पर्धेला जाणे हा निव्वळ खर्च आहे, असे कुणी म्हणत नाही. कारण आपल्या व्यावसायिक रंगभूमीला लेखक, दिग्दर्शक आणि नट कुठून मिळाले, हे आपल्याला ठाऊक आहे. खेळांच्या संमेलनात अनोळखी माणसांचे टेबल तेच काम करते. तिथे नियम पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो आणि समजावून सांगताना तो आपल्याला स्वतःला कितपत कळला आहे हे उघड होते.

आता बाजाराच्या आरोपाकडे पुरते वळू, कारण त्यात तथ्य आहे ते कबूल केलेच पाहिजे. जर्मनीतल्या एसेन शहरात दर ऑक्टोबरमध्ये चार दिवस भरणारा 'श्पील' हा उघडउघड व्यापारी मेळा आहे. प्रकाशक तिथे नवे खेळ विकायलाच येतात आणि २०१९ साली तिथे २,०९,००० भेटींची नोंद झाली. नव्याची हाव, मर्यादित प्रतींसाठी सकाळी दार उघडताच होणारी धावपळ, कपाटात न उघडता पडून राहणारे खोके, हे सगळे या छंदाचे खरे दोष आहेत आणि संमेलने त्यांना खतपाणी घालतात. पण १९८३ साली फ्रीडहेल्म मेर्त्स यांनी हा उपक्रम सुरू केला तेव्हा तोही खेळणाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी सुरू झाला होता, आणि आजही एसेनच्या दालनांत विक्रेत्याला आपला खेळ टेबलावर उघडून ठेवावा लागतो. येणारा बसतो, कुणीतरी नियम सांगतो, डाव होतो आणि आवडला नाही तर तो उठून पुढे जातो. कपडे किंवा फोन विकणाऱ्या मेळ्याला गिऱ्हाइकाचा तासभर वेळ मागता येत नाही; इथे तो मागावाच लागतो, कारण खेळ कसा आहे हे खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाही. म्हणजे अत्यंत व्यापारी संमेलनातही व्यापाराला टेबलाच्या दारातूनच यावे लागते. विवेकी खेळाडूला याचा फायदाच होतो. जो खेळ तो घरी बसून, कुणाच्या तरी कौतुकावर विसंबून मागवणार होता, तो प्रत्यक्ष खेळून नाकारण्याची सोय त्याला इथे मिळते.

शिवाय टेबलावर फक्त तयार माल नसतो. जेन कॉनमध्ये 'फर्स्ट एक्स्पोजर' या नावाने चाचणीखेळांचे एक वेगळे दालन चालते, ब्रिटनच्या बर्मिंगहॅममधल्या यूके गेम्स एक्स्पोतही तशी सोय असते. तिथल्या टेबलांवर सुबक चित्रे नसतात. प्लास्टिकच्या पाकिटांत सरकवलेल्या, हाताने लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्याच कुठल्या खेळातून उचललेले रंगीत ठोकळे आणि वहीत भराभर टिपणे घेणारा रचनाकार, असा तो मामला असतो. खेळाडू कुठे अडतो, कुठे कंटाळतो, कुठला नियम तीनदा विचारतो, हे तो पाहतो आणि त्याप्रमाणे खेळ बदलतो. मित्र आणि घरचे लोक हे सांगू शकत नाहीत, कारण त्यांना रचनाकाराचे मन सांभाळायचे असते. परका खेळाडू कंटाळला की त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. या दालनात बसणारा हौशी माणूस एक पैशाची खरेदी करत नाही. उलट तोच काहीतरी देऊन जातो. जेन कॉनमधलाच 'कार्डहाला' हा प्रकारही याच जातीचा. दिलेल्या पत्त्यांतून माणसे दिवसेंदिवस किल्ले आणि मनोरे रचतात आणि शनिवारी रात्री सगळे मिळून त्यांवर नाणी फेकून ते पाडतात. जमलेली नाणी समाजकार्याला जातात. ज्या गर्दीला निव्वळ गिऱ्हाइकांची गर्दी म्हटले जाते, ती स्वतःहून काय करते हे इथे दिसते.

ऑनलाइन खेळाच्या आक्षेपाला तर इतिहासानेच परीक्षा घेऊन उत्तर दिले आहे. २०२० साली महासाथीमुळे जेन कॉनचे प्रत्यक्ष संमेलन रद्द झाले आणि ते पडद्यावर भरले. तोपर्यंत रोल२०, बोर्ड गेम अरेना, टेबलटॉप सिम्युलेटर अशी साधने चांगली स्थिरावली होती. खरेदीही घरबसल्या होत होती. संमेलन म्हणजे माल आणि नियम एवढेच असते, तर लोकांनी परत येण्याचे कारण नव्हते. २०२१ साली सप्टेंबरमध्ये मर्यादित संख्येने ते पुन्हा भरले, २०२२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसे आली आणि २०२३ मध्ये हा आकडा सत्तर हजारांवर गेला. पडद्यावर माल मिळत होता, नियम मिळत होते, चित्रही मिळत होते. जे मिळत नव्हते त्यासाठी ही माणसे आली. संगणक नियम स्वतःच राबवतो, त्यामुळे कुणी कुणाला काही समजावून सांगायची वेळ येत नाही. डाव कंटाळवाणा झाला की एक कळ दाबून निघून जाता येते. टेबलावर मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघून खेळ संपवावा लागतो आणि हरल्यावर हात मिळवावा लागतो. ऑनलाइन खेळाचे मोल यामुळे कमी होत नाही. आजारी माणसाला, दूरच्या गावात एकट्या पडलेल्या खेळाडूला, परदेशी गेलेल्या मित्रांच्या गटाला तो वरदान आहे. पण तो संमेलनाची जागा घेतो, हा दावा टिकत नाही.

खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०१७ साली, पन्नासाव्या वर्षी, जेन कॉनचे सगळे प्रवेश विकले गेले आणि त्यानंतरही तशी वेळ आली आहे. हॉटेलच्या खोल्या मिळवणे हीच एक वेगळी लढाई असते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याला विमानभाडे आणि व्हिसा यांचा भार वेगळा. सामान्य नोकरदाराने कर्ज काढून तिथे जावे असे कुणीही शहाणा माणूस सांगणार नाही. पण हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो अवाढव्यपणाविरुद्ध आहे, संमेलनाविरुद्ध नाही. एका शाळेच्या वर्गात, ग्रंथालयाच्या सभागृहात, दहा-वीस टेबलांवर भरणारे संमेलनही संमेलनच असते, आणि वर सांगितलेले सगळे फायदे तिथे मिळतात, कारण ते टेबलाचे फायदे आहेत. मोठ्या संमेलनालाही एका दिवसाचे तिकीट काढून, काहीही न विकत घेता जाता येते. काही ठिकाणी ठरावीक तास खेळ चालवणाऱ्याला प्रवेशशुल्क परत मिळते. अमेरिकेत, जर्मनीत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ही संमेलने रेल्वेच्या किंवा गाडीच्या अंतरावर आहेत.

मोठ्या माणसांनी पोरखेळ करावा का, या प्रश्नावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ब्रिज आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रौढांना जो समाज मान देतो, त्याने पट आणि फासे यांच्याविषयी वेगळा न्याय लावू नये. याहून गंभीर प्रश्न वेगळा आहे : या टेबलांवर सगळ्यांना सारखी जागा मिळते का? हा छंद दीर्घकाळ पुरुषांचा राहिला आणि स्त्रियांना, नवख्यांना, वेगळ्या दिसणाऱ्या-वागणाऱ्यांना तिथे अवमान सोसावे लागले, हे नाकारता येत नाही. पण त्यावरचे उपायही संमेलनांतूनच पुढे आले, कारण अनोळखी माणसांना एकत्र बसवायचे तर वागण्याचे नियम लेखी करावेच लागतात. २०१५ मध्ये इंडियानात धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली भेदभावाला वाट मोकळी करणारा कायदा येऊ लागला, तेव्हा जेन कॉनने राज्य सोडण्याचा इशारा जाहीरपणे दिला. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचे एक्स-कार्ड हे साधन तर अनोळखी टेबलासाठी फारच उपयोगी : टेबलाच्या मधोमध फुली काढलेले एक कार्ड ठेवायचे, गोष्टीतला एखादा प्रसंग कुणाला नकोसा झाला तर त्याने त्या कार्डावर बोट ठेवायचे आणि कारण न विचारता तो प्रसंग वगळायचा. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे असा नियम कुणाला सुचत नाही आणि म्हणून घरच्या गटातला मुका बसलेला माणूस मुकाच राहतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्याकडे खेळाडूंची वाण नाही. सुट्टीत बदाम सात आणि मेंढीकोट खेळत वाढलेली, कॅरम आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा पाहिलेली ही माणसे आहेत. मुंबईत मीपलकॉन हे बोर्ड गेमचे संमेलन भरू लागले आहे. झैन मेमन यांनी मुंबईत रचलेला 'शासन' हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळ २०१९ साली लोकवर्गणीतून उभा राहिला आणि परदेशातही गेला. म्हणजे रचना करण्याची कुवत इथे आहे. उणीव आहे ती मराठीतून खेळ समजावून सांगणाऱ्या टेबलांची. आधुनिक बोर्ड गेमचे नियम इंग्रजीत छापलेले असतात, त्यामुळे कित्येक घरांत ते खोके उघडले तरी आजी-आजोबा आणि मराठी शाळेतली मुले बाहेरच राहतात. दहा टेबलांचे एक छोटे संमेलन, जिथे प्रत्येक खेळ मराठीत शिकवला जाईल आणि कुणीही येऊन बसू शकेल, हे काम कुठलीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही, कारण त्यात तिला नफा नाही. ते हौशी माणसांनाच करावे लागेल, आणि हौशी माणसांनी असे काम करणे या छंदाला नवीन नाही.

म्हणून ज्यांना संमेलने म्हणजे बाजार वाटतो त्यांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी जवळपास कुठे असे संमेलन भरले तर पाकीट घरी ठेवून जा. स्टॉलच्या रांगा सोडून जिथे एक खुर्ची रिकामी दिसेल तिथे विचारून बसा, न ओळखणाऱ्या चार माणसांबरोबर एक डाव पुरा खेळा आणि मग मत बनवा. आणि ज्यांना हे आधीच पटलेले आहे त्यांनी त्या वर्षी केवळ खेळायला न जाता, आपल्याला नीट येणारा एक खेळ निवडून, त्याचे नियम मराठीत सांगायची तयारी करून, एक टेबल स्वतः चालवावे.